कापलेली तार

दोलोनच्या घाटात चहाला थांबल्यावर झुराकानची गाडी गार पडली, ती पुन्हा सुरूच होईना. आत सहा उतारू, त्यात एक तान्हं बाळ, बाहेर हाडं गोठवणारा वारा. एका ट्रकवाल्याने ओढत खाली नारीन गावापर्यंत आणलं, म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी झुराकानने तेमिरकुल मेकॅनिकला अंगणात बोलावलं. तो तिच्या नवऱ्याचा, असिलचा, लहानपणापासूनचा दोस्त. असिल त्याच घाटात वारला. तेव्हापासून त्याची टॅक्सी ती चालवत होती.

"वहिनी, इंजिनाचा पिवळा दिवा कधीपासून पेटलाय?"

"आठवडा झाला. जुनी गाडी, काहीतरी पेटायचंच."

"मग गाडीलाच विचारू."

त्याने बॉनेटखालच्या तपासणीच्या काळ्या डबीतल्या दोन खाचा तारेच्या तुकड्याने जोडल्या. "किल्ली फिरवा, स्टार्ट करू नका. दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा."

दिवा दोनदा लुकलुकला. थांबला. पुन्हा दोनदा.

"दोन आणि दोन, म्हणजे बिघाड नंबर बावीस. पाणी किती तापलंय ते सांगणारा सेन्सर. त्याचा निरोपच पोचत नाही, म्हणून गाडीचा संगणक इंजिन गरम आहे असं धरून चालतो आणि थंडीत पेट्रोल कमी सोडतो." तो वाकला, आणि त्याचा हात थबकला. "वहिनी, इकडे या."

तार सुरीने सरळ कापलेली होती. टोकं परत तारेवरच्या नळीत खोचून ठेवली होती.

"टॅक्सी स्टँडवरच्याच कोणा मेल्याने कापली!" झुराकान ओरडली. "बाईमाणूस गाडी चालवते ते खुपतं ना! हात तोडीन त्याचे!"

"मी कापली."

दारात सासू उभी होती, उलकान. हातात चहाची किटली.

"असिलनेच दाखवली होती तार, ही तुटली तर थंडीत गाडी चालू होत नाही म्हणून. म्हटलं, चालूच झाली नाही तर अंगणात पडून राहील. तू तरी घरी राहशील."

झुराकान तिच्याकडे वळली. "आई... मी रोज पहाटे इंजिनावर गरम पाणी ओतून ती चालू करत होते. पाणी तुम्हीच तापवून देत होतात!"

"देत होते. नाही कसं म्हणू?"

"काल आत तान्हं बाळ होतं. ओठ निळे पडले होते त्याचे."

म्हातारी दारापुढच्या बर्फात मटकन बसली. किटली कलंडली. झुराकानला किंचाळावंसं वाटत होतं. पण तिने जाऊन सासूच्या काखेत हात घातला आणि तिला उठवलं.

तेमिरकुलने खाली मान घालून तार जोडली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. दोघींपैकी एकीनेही तिकडे पाहिलं नाही.