माझंच चुकलं, पों!

पों! दचकू नका, मीच बोलतोय. रिक्षाचा रबरी भोंपू. पुढं पितळी नळी, मागं संत्र्याएवढा काळा फुगा. जन्म कुठं झाला ते आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा क्रांती चौकात रामकिसनच्या रिक्षाला लटकत होतो.

रामकिसन माणूस गोड, पण त्याची रिक्षा सवारीपेक्षा गुत्त्याकडंच जास्त वळायची. शेवटी रिक्षाच गेली. घेणाऱ्याला विजेचा हॉर्न हवा होता, म्हणून मी घरी उरलो. पिठाच्या डब्यामागं.

रामकिसनची बायको सत्यभामा दर रविवारी विहाराशेजारच्या खोलीत बैठकीला जायची. ही बैठक पिणाऱ्यांची नव्हे, त्यांना सांभाळून थकलेल्या घरच्यांची. पहिलं वर्ष ती नुसती रडली. दुसऱ्या वर्षी तिथंच सेवेला लागली. सतरंजी घालायची, चहा ठेवायचा, नव्या बाईशेजारी बसायचं.

ऐकता ऐकता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. जी ती बाई एकच म्हणायची. भाजी खारट झाली म्हणून तो प्यायला, माझंच चुकलं. भाजी अळणी झाली म्हणून प्यायला, तरी माझंच चुकलं!

सत्यभामा वैतागली. पुढच्या रविवारी मला पदराखाली झाकून घेऊन गेली. म्हणाली, "आजपासून जी कोणी 'माझंच चुकलं' म्हणंल, तिला पों!"

पहिल्याच दिवशी मी एकेचाळीस वेळा वाजलो. घसा बसला, पण बाया पोट धरधरून हसल्या.

पुढं दुष्काळाचं साल आलं. नळ कोरडे पडले. वस्तीत टँकर यायचा आणि आल्याची वर्दी द्यायला त्याचा ड्रायव्हर माझ्यासारखाच रबरी भोंपू वाजवायचा. त्या दिवसांत कडूबाई बैठकीला येऊ लागली. दोन महिने अवाक्षर बोलली नाही. एका रविवारी एकदम म्हणाली, "गंगापूरला भाचीचं लगीन हाय. नऊ वर्सांत म्या एक रोज घर सोडलं नाय. म्या गेले अन् मालक पिऊन कुठं पडले, तर माझंच चुक..."

सत्यभामानं सगळा जोर लावून मला दाबलं. पोंऽऽऽ!

झालं! अख्खी गल्ली हंडे घेऊन धावत सुटली. सगळ्यांत पुढं चंपाबाई. दोन काखांत दोन हंडे, म्हणून ती दारातच अडकली.

"टँकर कुठं हाय?"

"टँकर नाय, बैठक हाय," सत्यभामा म्हणाली. "ज्यांच्या घरात दारू हाय त्यांची."

काही जणी मला शिव्या घालत परतल्या. चंपाबाईनं मात्र हंडा पालथा घातला आणि त्यावरच बसली. "मंग आमची निम्मी गल्ली इथंच बसती की!" तिच्यामागं आणखी आठ जणी बसल्या.

तिनं कडूबाईला विचारलं, "तू घरी असती तवा तुझे मालक पीत नायत का?"

"पितेत की! रोज!"

"मंग नऊ वर्सं राखण कशाची केली? बाटलीची?"

कडूबाई खो-खो हसली. पण हसणं सोपं, जाणं अवघड. लग्नाच्या सकाळी सत्यभामा तिला जीपच्या थांब्यावर सोडायला गेली. कडूबाई जीपमधून दोनदा उतरली. एकदा म्हणे भाकरी झाकली का बघून येते, एकदा म्हणे कडी लावली का. तिसऱ्यांदा पाय खाली टाकणार, तोच सत्यभामानं पिशवीतून मला काढून वाजवलं. जीपवाल्याला वाटलं, निघायची खूण. त्यानं गाडी सोडली!

पुढच्या रविवारी सगळ्या जणी टपून बसल्या होत्या.

"प्यायले का तुझे मालक?"

"प्यायले. वट्यावर झोपले. शेजारणीनं चादर टाकली."

"अन् तू?"

कडूबाई लाजली. "म्या दोन्ही येळा बसून जेवले. गरम."

त्या दिवशी मला कुणीच दाबलं नाही.

रामकिसनची दारू सुटली का, विचाराल. कधी सहा महिने सोडतो, कधी परत धरतो. सत्यभामा रविवार चुकवत नाही.

आता कडूबाई शेंद्र्याला नवी बैठक सुरू करतेय आणि सत्यभामानं मला तिच्या हवाली केलंय. फुग्याला चीर गेली होती, सायकलवाल्यानं ठिगळ लावलं. त्यामुळं 'पों'च्या आधी थोडं 'फुस्स' होतं, ते मनावर घेऊ नका. शेंद्र्यात ओळखीचं कुणी असं जागत, झाकत, लपवत जगत असेल, तर रविवारी चारला पाठवा. पुरुष माणसंही चालतात. मागं एक सासरेबुवा आले होते, सगळ्यांत जास्त पों त्यांनाच मिळाले.

फक्त दाबताना जरा हळू दाबा. माझं वय झालंय.