दुर्गाबाईचा गुडघा

“दुर्गाबाई, एकसुद्धा रोप नाही हो इथं!” जालन्याहून आलेले वनाधिकारी मुकुंदराव उकिडवे बसून जमीन न्याहाळत होते. “अंजनाचं बी भरपूर पडलं होतं ना?”

“पडल्तं की साह्यब. बराबर पडल्तं.” खराट्यावर हात टेकून उभ्या असलेल्या दुर्गाबाईचा आवाज बारीक झाला.

धावड्याच्या डोंगरातलं हे जंगल राखायला लागून तिला चौदा वर्षं झाली होती. वणवा आत शिरू नये म्हणून कडेचा दहा हात पट्टा झाडून ठेवायचा, एवढंच तिचं काम. पण बाई पडली स्वच्छतेची वेडी! एकदा खराटा हाती घेतला की थांबणं ठाऊक नाही. अंजनाच्या झाडांखालचा सगळा उतारही ती अंगणासारखा लख्ख करी. दुर्गाबाईच्या जंगलात पान मांडून जेवावं, असं गावात म्हणत आणि ती फुलून जाई. त्या लख्ख उतारावर मात्र चार वर्षांत नवं झाड उभं राहिलं नव्हतं. यंदाही रोपं नसतील तर राखण बंद, असा १९९५ च्या त्या श्रावणात वरून हुकूम आला होता.

“वरचा उतार बघू,” मुकुंदराव म्हणाले.

दुर्गाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उन्हाळ्यात राजूरच्या गणपतीला गेल्यावर पायरी चुकून तिचा गुडघा मुरगळला होता. वरचा उतार झाडायचा राहूनच गेला होता. आता ती घाण साहेबांना दाखवायची!

वर पोचल्यावर दोघंही जागीच थांबली. पाचोळा कुजून काळा झाला होता आणि त्यातून अंजनाची इवली रोपं वर आली होती. पाय ठेवायला जागा नव्हती. मुकुंदरावांनी मातीत बोट घातलं, ते सहज आत गेलं. खालच्या उतारावर मात्र नुसता टणक मुरूम लागला होता.

“खालची उन्हानं गेली असतील,” ते वही उघडत म्हणाले.

दुर्गाबाई गप्प बसली असती तरी चाललं असतं.

“ऊन न्हाई साह्यब, खराटा! म्याच लेकरांचं पांघरूण वढून राह्यल्ते. मंग पावसानं माती धुऊन गेली. असंच लिहा.”

मुकुंदरावांनी तसंच लिहून घेतलं. “बरं. आणि इथं हजारभर उगवली, त्याचं कारण काय लिहू?”

“लिहा की, दुर्गाबाईचा गुडघा!”

दोघंही पोट धरून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिला फार म्हणजे फारच आनंद झाला होता.

“राखण आता बंद व्हायची नाही,” मुकुंदराव म्हणाले, “पण झाडायचं फक्त कडेला.”

“बिलकुल!”

उतरताना तिनं कडेला लोटून ठेवलेल्या ढिगातला पाचोळा ओटीत भरून घेतला. खालच्या उघड्या उतारावर तो हलक्या हातानं पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर खराटा आडवा ठेवला.