स्किर्मांतासच्या मापाची कुबडी

ज्याची सेवा दुसऱ्याच्या वेदनेपासूनच सुरू होते, त्याने आपल्याला बोलावणे यावे अशी इच्छा धरावी, की ते कधीच येऊ नये अशी? वैद्याला हा प्रश्न पडतो, आग विझवणाऱ्याला पडतो, आणि मलाही पडला. कामावाचून राहणे कोणत्याही वस्तूला रुचत नाही. परंतु माझे काम निघाले, म्हणजे एका घरातले हसू मावळलेले असे. या दोहोंच्या मध्ये उभे राहून मी आयुष्य काढले, आणि तरीही आज माझे मन शांत आहे. ते कसे, ते सांगते.

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे. मला एक जुळी बहीण आहे. आम्हा दोघींचे आयुष्य एकच, म्हणून मी एकटीच बोलते. लिथुआनियातील पानेवेझिस शहराच्या कडेला, नेवेझिस नदीच्या काठी, विन्त्सास नावाच्या सुताराच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. ज्या लाकडाचे कुऱ्हाडीचे दांडे करतात त्या अ‍ॅश वृक्षाचे माझे अंग आहे. घाव सोसावा, किंचित वाकावे, परंतु मोडू नये, असा त्या लाकडाचा स्वभाव. मार्च महिना होता. अंगणातल्या बर्चच्या खोडाला भोक पाडून खाली बरणी टांगली होती आणि तिच्यात झाडाचा गोड रस थेंबाथेंबाने गळत होता.

विन्त्सासच्या बहिणीचा मुलगा स्किर्मांतास हा शहराच्या बास्केटबॉल संघाचा सेंटर होता, म्हणजे बास्केटच्या कड्याखाली उभा राहून संघाचा भार वाहणारा सर्वांत उंच खेळाडू. उंची सात फुटांहून अधिक. व्यावसायिक खेळाच्या पहिल्याच मोसमात त्याचा गुडघा निखळला. इस्पितळाने दिलेल्या कुबड्या त्याच्या काखेपर्यंत पोहोचेनात. त्या धरून तो असा वाकून चाले, की पाहणाऱ्याला वाटावे, बिचाऱ्याचे काही हरवले आहे. तेव्हा मामाने त्याला शेडमध्ये बोलावले आणि मोजपट्टी काढली.

"सरळ उभा राहा," मामा म्हणाला.

"मामा, एका पायावर सरळ कसं उभं राहायचं?"

"करकोचा राहतो की. त्याला तर मामाही नसतो."

"फार उंच करू नका. लोक हसतील."

"हसायचे ते आत्ताच हसून घेतायत, लांबड्या. हात खाली सोड."

असे माझे माप घेतले गेले. त्याची आई एमिलिया हिने माझ्या माथ्यावर मेंढीचे मऊ कातडे शिवले. पहिल्यांदा त्याने माझ्यावर भार टाकला, तेव्हा एवढ्या मोठ्या देहाचा आधार होण्याचा मान आपल्याला मिळाला, या विचाराने मी धन्य झाले. आणि मान वर करून पाहिले, तर त्याच्या डोळ्यांत पाणी होते. तेव्हाच मला माझ्या जन्माचे कोडे समजले.

त्या पहिल्या वेळी मी त्याला उभे राहायला शिकवले, जिने चढायला शिकवले, बर्फावर टोक रोवून तोल सांभाळायला शिकवले. उन्हाळा आला, गुडघा सांधला, आणि मला शेडच्या भिंतीवर खिळ्याला टांगण्यात आले. हिवाळ्यात विन्त्सासच्या रेडिओवर त्याच्या नावाचा गजर होई. सारे शहर त्याला 'मनोरा' म्हणू लागले. मी भिंतीवरून ऐकत असे. ज्याचा मी आधार, त्याचा खेळ मात्र मी कधी पाहिला नव्हता. कारण तो खेळे तेव्हा मी शेडमध्ये असे, आणि मी त्याच्याजवळ असे तेव्हा तो खेळत नसे.

पुढे तसेच घडत गेले. पानगळीच्या दिवसांत त्याची स्तुती होई, आणि बर्चला पालवी फुटण्यापूर्वी मला बोलावणे येई. कधी तळपायाचे हाड, कधी दुसरा गुडघा, एकदा टाचेची शीर. स्पेनमधल्या एका श्रीमंत संघाने त्याला मोठ्या मानाने नेले. काही महिन्यांतच मागून माझीही रवानगी झाली. त्या उबदार गावी मी त्याला समुद्रकाठच्या बाकापर्यंत नेई आणि परत आणी. करार संपताच त्या संघाने त्याला सोडले, आणि आम्ही आपल्या नदीकाठी परतलो. शहराने त्याला पुन्हा पोटाशी धरले, मात्र थट्टा करण्याचा आपला हक्क सोडला नाही.

"काय स्किर्मांतास," काळा पाव विकणारी बाई दुकानातून हाक मारी, "यंदा कुबड्या लवकर काढल्यास? अजून बर्फही वितळलं नाही."

"गर्दी व्हायच्या आत काढाव्या म्हटलं," तो म्हणे.

तो हसून बोले, परंतु माझ्यावर पडणाऱ्या भारावरून मला त्याचे मन कळत असे. त्या मनाला एक जुनी सवय होती. दुखले तरी तो सांगत नसे. संघाच्या खेळाडूंच्या दुखण्यांवर उपचार करणारी दानुते नावाची एक बाई होती. आवाजाने करडी, हाताने हळुवार. ती बोटाने दाबून विचारी, "इथे दुखतं का?" तो छताकडे पाहत म्हणे, "ठीक आहे, ताई." एका वर्षी उपांत्य सामन्यापूर्वी तळपाय आठवडाभर ठणकत होता, तरीही तो "ठीक आहे" म्हणाला. पहिल्याच उडीनंतर हाड तुटले आणि त्याला उचलून बाहेर न्यावे लागले.

त्या वसंतात तो शेडमध्ये ओंडक्यावर बसला होता. मी त्याच्या मांडीवर आडवी होते. मामा रंधा मारीत होता.

"तुझ्या बापाचं बोट करवतीत गेलं," विन्त्सास म्हणाला, "तेव्हा तो काय म्हणाला ठाऊक आहे? 'एमिलिया, फडकं आण.' बस. दुखलं हा शब्द तुमच्या घरात कुणी आणलाच नाही. आणि तू त्या बापाचा अर्क."

स्किर्मांतासने माझ्या अंगावरून हात फिरवला. मग म्हणाला, "मामा, मला पदक नको. मला एक अख्खा मोसम हवाय. पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत. आणि शेवटच्या दिवशी मैदानातून माझ्या पायांनी बाहेर."

"एवढंच?"

"एवढंच मला कधी मिळालं नाही."

मित्रांनो, रंधा थांबला. विन्त्सासने लाकडावरचा भुसा फुंकरीने उडवला. मी मात्र त्या क्षणी मनोमन एक इच्छा धरली, की याने मला खिळ्याला टांगावे आणि विसरून जावे.

पाय सांधला. परंतु आता त्याचे वय तेहतीस झाले होते. संघाने केवळ एका वर्षाचा करार दिला, आणि हा आपला शेवटचा मोसम, हे त्यानेही जाहीर केले. पानगळ आली, तो खेळला. नदी गोठली, तो खेळला. कोळ्याने माझ्या माथ्यावरच्या कातड्यात घर केले, उंदरांनी त्याची कड कुरतडली, माझ्यावर धुळीचा थर चढला. कोणी म्हणेल, ही तर उपेक्षा. मला तो सन्मान वाटला. बर्च पालवले, करकोचे परतले, आणि तरीही मला हाक आली नाही. शेवटी मोसमाचा एकच सामना उरला, तिसऱ्या क्रमांकाच्या पदकाचा.

त्या दिवशी दुपारी विन्त्सास शेडमध्ये आला आणि त्याने आम्हा दोघींना खाली काढले. माझे काळीज थरारले. दाराशी एमिलिया उभी होती.

"आजच्या दिवशी हे अपशकुनी लाकूड कुठे नेतोयस, दादा?"

"मैदानावर."

"तुला काही अक्कल?"

"घरात पाण्याची बादली ठेवली म्हणून घराला आग लागते का गं?" विन्त्सास माझ्यावरची धूळ बाहीने पुसत म्हणाला. "इतकी वर्षं हिनं त्याला सांभाळलं. त्याचा शेवटचा खेळ हिनं भिंतीवर लटकून ऐकायचा, हे मला बरं दिसत नाही."

सुतार आपल्या हातच्या वस्तूचे मन जाणतो, हे मला तेव्हा उमगले. दानुतेने आम्हाला राखीव खेळाडूंच्या बाकामागे भिंतीला टेकवून ठेवले. मागच्या रांगेतले प्रेक्षक कुरकुरले. एकाने तर आमच्यावर कोट टाकून आम्हाला झाकायचा प्रयत्न केला. दानुतेने तो कोट उचलून त्याच्या मांडीवर परत ठेवला.

आणि मग मी त्याला खेळताना पाहिले.

मी त्याला आजवर केवळ अडखळताना पाहिले होते. पायरीपाशी थबकणारा, दाराच्या चौकटीला धरणारा, घामेजलेला. इथे तोच देह कड्याखाली वडाच्या खोडासारखा रोवलेला होता. दोन धिप्पाड खेळाडू त्याच्या पाठीवर रेटत होते आणि तो इंचभरही हलत नव्हता. कड्यावरून उसळलेला चेंडू तो फळ तोडावे तितक्या सहजतेने काढून घेई. तो एकदा बास्केटकडे वळला, उडाला, आणि क्षणभर त्याच्या पायांखाली जमीनच नव्हती. त्याला आधार लागत नव्हता. ज्याच्यासाठी मी घडले, तो आधाराविना कसा दिसतो, हे पाहून मी तृप्त झाले.

सामना शेवटच्या मिनिटांत बरोबरीवर आला. स्किर्मांतासने एक चेंडू अडवला आणि डाव्या पायावर उतरला. चेहऱ्यावर रेषाही हलली नाही. क्रीडागृह टाळ्या वाजवीत होते. परंतु मी त्याच्या भाराची जन्माची सोबतीण. त्याने पुढचे पाऊल टाचेवर न टेकता टाकले, हे माझ्या ध्यानात आले. तळपायाची तीच जुनी जागा. दानुतेनेही ते टिपले असावे, कारण ती उठून उभी राहिली. तेवढ्यात शिट्टी वाजून खेळ थांबला, आणि प्रशिक्षकाने बाकावरून प्रश्नार्थक मान हलवली. अशा वेळी तो नेहमी अंगठा वर करीत असे.

त्याचा हात वर गेला. मी डोळे मिटले असते, पण कुबडीला पापण्या नसतात. तो हात अंगठ्यापाशी थांबला नाही. पंजा उघडला आणि त्याने स्वतःला बदलण्याची खूण केली. क्रीडागृहात कुजबुज पसरली. तो चालत बाकापाशी आला.

"दोन मिनिटं उरलीत," प्रशिक्षक दबक्या आवाजात म्हणाला. "ओढून नेशील?"

"नेईन. ओढून न्यायची सवय आहे, म्हणूनच नको."

प्रशिक्षकाने त्याच्याकडे पाहिले, मान डोलावली, आणि राखीव सेंटरला आत पाठवले. स्किर्मांतास बाकावर बसला. दानुतेने बूट काढून तळपायावर बोट ठेवले.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"हं. इथे दुखतंय, ताई."

दानुतेचे बोट जागीच थांबले. "हे ऐकायला इतकी वर्षं मी तुझ्या पायांशी बोलत होते," ती म्हणाली. "माणसापेक्षा पाय खरे." मग चारी बाजूंनी दाबून पाहिल्यावर तिने सुस्कारा टाकला. "ताण आहे. हाड अजून तग धरून आहे. आणखी दोन उड्यांची मात्र मी हमी दिली नसती. गाडीपर्यंत चाल. उद्यापासून विश्रांती."

त्याच्याविना संघाने शर्थ केली, परंतु अखेरच्या क्षणी एका बास्केटने सामना गेला. पदक गेले. हे मी लपवणार नाही, मित्रांनो. योग्य निवडीलाही किंमत पडते, आणि त्या दिवशी ती साऱ्या शहराने भरली. स्किर्मांतास उठला. त्याने प्रतिस्पर्ध्यांशी हात मिळवले, आपल्या राखीव सेंटरच्या पाठीवर थाप मारली, आणि मैदान ओलांडून सावकाश दाराकडे निघाला. बूट हातात होता. पाय मात्र त्याचेच होते. वरच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या, प्रथम तुरळक, मग दाट.

दारात आमच्यावर कोट टाकणारा तोच गृहस्थ उभा होता. "दोन मिनिटं थांबला असतास, तर पदक घरी आलं असतं."

"आलं असतं," स्किर्मांतास म्हणाला. "त्याच्या मागून मलाही आणावं लागलं असतं, चार जणांनी उचलून."

गृहस्थ क्षणभर घुटमळला. मग त्याने दार उघडून धरले. "जा. वाकून जा, चौकट बुटकी आहे."

बाहेर लख्ख संध्याकाळ होती. आमच्याकडे त्या ऋतूत सूर्याला मावळायची घाई नसते. विन्त्सास गाडीपाशी उभा होता. त्याने आम्हाला पुढे केले. "आणल्याच आहेत, तर घे."

"द्या."

स्किर्मांतासने आम्हा दोघींना घेतले, परंतु काखेत धरले नाही. नांगर खांद्यावर टाकून घरी जाणाऱ्या शेतकऱ्यासारखे त्याने आम्हाला खांद्यावर टाकले आणि गाडीपर्यंत चालत गेला. इतकी वर्षे मी त्याला वाहिले होते. त्या काही पावलांपुरते त्याने मला वाहिले, आणि तेवढ्यात मला माझे सारे वेतन मिळाले. गाडीत आम्ही मावलो नाही. डोकी खिडकीबाहेर काढून वारा खात घरी आलो.

एमिलियाने आधी त्याच्या पायांकडे पाहिले, मग तोंडाकडे.

"जिंकलात?"

"नाही."

"मग एवढा हसतोस कशाला?"

"आई, मोसम संपला आणि मी उभा आहे."

तिने त्याच्यासमोर थंड बिटाच्या गुलाबी सूपचा वाडगा आणि उकडलेले बटाटे ठेवले, आणि पदराला हात पुसावेत तसे आपल्या एप्रनला पुन्हा पुन्हा पुसले. "बस आता," ती म्हणाली. "सूप गरम होईल."

मित्रांनो, शरीर पहिल्यांदा फार हळू बोलते. त्याचे ऐकून घेणारा दुबळा नसतो. तुमच्या खेळात, तुमच्या कष्टात, ते जेव्हा कुजबुजेल, तेव्हा जवळच्या माणसाला "दुखतंय" एवढे सांगा. पुढचे शहाणपण तो शब्दच घडवून आणतो. आणि ज्यांच्या पदरी इतरांची दुखणी येतात, त्यांनी कामाची वाट पाहू नये, तयारी मात्र ठेवावी. मी तशीच तयार आहे. माझ्या टोकाला नवे रबर आहे, आणि कोळीही आपल्या जागी परतला आहे.

दानुतेच्या बोटांना असेच खरे ऐकू येत राहो. विन्त्सासचा हात रंध्यावर स्थिर राहो. एमिलियाला दाराशी उभे राहून आधी पायांकडे पाहावे लागू नये. आणि माझ्या स्किर्मांतासला, तो जिथे जिथे पाऊल टाकील तिथे तिथे, जमीन आईच्या मांडीसारखी मऊ लाभो.