माझ्या पोटातलं शिसं

मी होडी बोलतेय. हातभर लांबीची, खलाशांना सांभाळणाऱ्या संत निकोलासच्या देवळात छताला दोरीनं टांगलेली. लहान आहे म्हणून मला खेळणं समजू नका. माझ्याइतका समुद्र तुमच्यातल्या कितीजणांनी प्यायलाय ते आधी सांगा, आणि मग वर बघून गालात हसा.

जन्मानं मी पाइन. सामोस बेटाच्या डोंगरावर, वाऱ्याच्या तोंडाशी वाढलेली. जानेवारीत चंद्र उतरणीला लागल्यावर मला तोडलं, कारण चढत्या चंद्राच्या लाकडाला कीड लागते हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. खेचरांनी ओढत मला खाली बंदरात आणलं, आर्गिरिस मिस्त्रीच्या छपरात.

आर्गिरिस तेव्हा पन्नाशीचा. कागदावर नकाशे काढणाऱ्यांना तो हसायचा. त्याच्याकडे बापाकडून आलेला पातळ लाकडाचा एक फर्मा होता, त्यावर ओळीनं खुणा. एक फासळी कापली की फर्मा एक खूण सरकवायचा आणि पुढची कापायची. एवढीच त्याची विद्या, पण तेवढ्यावर त्यानं साठ होड्या पाण्यात उतरवल्या होत्या. माज होता त्याला, आणि तो शोभायचा.

मच्छीमार स्त्रातिसनं त्याच्याकडे आईच्या नावाची होडी बांधायला सांगितली: कलियोपी. सोमवारी आर्गिरिसनं उजव्या बाजूच्या सगळ्या फासळ्या कापल्या. मंगळवारी हत्याराला हात लावला नाही. मंगळवारी आमच्याकडे कुणी काही आरंभत नाही, मोठमोठी शहरं मंगळवारीच शत्रूच्या हाती पडलीत. बुधवारी तो डाव्या बाजूच्या फासळ्या कापायला बसला तेव्हा परवा पहिली खूण कोणती धरली होती हेच विसरला होता. विचारणार कुणाला? साठ होड्यांच्या मालकानं विचारायचं असतं का? फर्मा एक खूण पुढे ठेवला आणि कापत सुटला. मी भिंतीला टेकून बघत होते. त्याच होडीच्या डेकची फळी होणार होते मी.

पाण्यात उतरवली त्या दिवशी कलियोपी डावीकडे कलली. फार नाही. एका कानानं कमी ऐकणारा माणूस मान कलवतो, तेवढीच. आर्गिरिसचा चेहरा उतरलेला मी पाहिला. मग तो मोठ्यानं म्हणाला, दारूचं पिंप डाव्या अंगाला कुणी ठेवलं रे? सगळे हसले, पाद्रीबाबांनी तीर्थ शिंपडलं, आणि चुकीला बूच बसलं.

तिथून पुढे तीस वर्षं दोष स्त्रातिसच्या माथी. याला होडी भरता येत नाही, असं अख्खं बंदर म्हणायचं. कॉफीच्या दुकानातला कोस्मास रोज विचारायचा, आज कोणता पाय लंगडतोय? स्त्रातिस जाळी उजवीकडे रचायचा, बर्फाच्या पेट्या उजवीकडे ठेवायचा, स्वतःही उजवीकडे बसायचा, आणि तरी मनात स्वतःलाच कोसायचा. मला ठाऊक आहे, त्याच्या पायाखाली मीच होते. आर्गिरिसनं बांधलेली होडी वाकडी असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. तुम्हा माणसांची ही खोड मला कधी कळली नाही. ज्याचं नाव मोठं, त्याची चूक तुम्ही स्वतःच्या अंगावर घेता.

मग माझी एक कड कुजली. स्त्रातिसनं मला उपटून नवी फळी ठोकली आणि त्याची बायको मिर्सिनी हिनं माझं कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं. सात वर्षं. ज्या अंगावर मासे तडफडले त्यावर कोंबड्या घाण करायच्या. वारा सुटला की मी बिजागरीवर आपटत राहायचे. मिर्सिनी म्हणायची, या दाराला स्वस्थता म्हणून नाही.

सातव्या वर्षी फेब्रुवारीत वादळ आलं आणि स्त्रातिस परतला नाही. दोन दिवस. मिर्सिनी खुराड्याशेजारी उभी राहून देवळाकडे तोंड करून बोलली, विनवणी नव्हे, सौदा केल्यासारखी. "माझा माणूस आण. तुला त्याची होडी करून देईन. जशी आहे तशी, फासळी न फासळी."

तिसऱ्या दिवशी स्त्रातिस आला. लाटेनं जाळी घसरून डावीकडे गेली होती, होडी पाणी घेईपर्यंत आडवी झाली होती, कशीबशी त्यानं पलीकडच्या खाडीत घातली होती. आला, पण पुन्हा समुद्रावर गेला नाही. चूक माझीच, एवढंच म्हणायचा. उन्हाळा सरता सरता त्यानं एक सरकारी कागद आणला: मासेमारीचा परवाना परत करायचा, पैसे घ्यायचे, आणि मग मोठं यंत्र येऊन किनाऱ्यावरच होडीचा चुरा करतं. कितीतरी होड्या गेल्या तशा. नवस फिटला की सही करीन, असं त्यानं मिर्सिनीला सांगितलं. सहा डिसेंबर, संत निकोलासचा दिवस. कलियोपीचं आयुष्य तेवढंच उरलं.

मिर्सिनीनं मला बिजागरीसकट उचकटलं आणि आर्गिरिसपुढे टाकलं. तो आता ऐंशीच्या वर गेलेला. डोळे गेले, हात गेले, दुसरा बघ, म्हणून त्यानं खूप टाळलं. ती ढिम्म हलली नाही. शेवटी दोघं मिळून किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या कलियोपीची मापं घ्यायला गेली. दोरीचं एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या. दर फासळीला डावीकडची दोरी बोटभर जास्त भरायची.

"समुद्राकडच्या बाजूला लाकूड फुगतं, बाई," आर्गिरिस म्हणाला.

"दोन्ही बाजू समुद्राकडेच असतात, मिस्त्री. निघालं ते लिही."

मग त्यानं मला चिरलं. खोटं सांगत नाही, सुख वाटलं. किटलीच्या वाफेवर माझ्या पट्ट्या नरम करून वाकवल्या, सुईएवढे खिळे मारले, फटीत कापसाचा धागा दाबला. त्याची बोटं थरथरायची, पण पटाशी टेकली की थांबायची. मिर्सिनी रोज येऊन स्टुलावर बसायची आणि मापं पडताळायची. जाळं तिनं स्वतः विणलं. कलियोपीत बोटभर होतं ते माझ्यात नखाच्या जाडीएवढं उतरलं. मीही डावीकडे कलणार होते.

शेवटच्या आठवड्यात, दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना, आर्गिरिसनं जाळ्याला वजन म्हणून बांधतात ते शिसं वितळवलं आणि माझ्या डेकखाली उजव्या कुशीत ओतलं. वरून फळी बसवून रंग दिला. सहा डिसेंबरपर्यंत मी तो गोळा पोटात घेऊन पडून होते. ओरडावंसं वाटत होतं. पण लाकडाला तोंड कुठलं?

पाण्याची चव न घेतलेली होडी संताला चालत नाही, असं आमच्या बंदरात मानतात. म्हणून प्रार्थना संपल्यावर सगळे धक्क्यावर जमले आणि मिर्सिनीनं गुडघ्यावर बसून मला पाण्यात सोडलं. सात वर्षांनी ते खारं पाणी. मी थरारले, आणि उभी राहिले. सरळ. काठीसारखी सरळ.

"घ्या," कोस्मास म्हणाला. "होडी सरळच होती. वाकडा होता तो सुकाणूवरचा."

लोक हसले. स्त्रातिस हसला नाही. त्यानं टोपी काढली, माझ्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला की खरं आहे, जी सरळ बांधली तिला मीच बुडवायला निघालो होतो, उद्या सही करून टाकतो.

एक लाट आली. मी जीव खाऊन डावीकडे अंग टाकलं. शिशानं मला परत उभं केलं. तेवढा संताप मला आयुष्यात कधी आला नाही.

"बाहेर काढ तिला," आर्गिरिस म्हणाला.

त्यानं मला मांडीवर घेतलं, खिशातला चाकू काढून माझं डेक उचकटलं आणि शिशाचा गोळा धक्क्यावर टाकला. मला पुन्हा पाण्यात ठेवलं. मी कलले. अगदी कलियोपीसारखी. कुणी हसलं नाही.

"सोमवारी उजवी बाजू कापली, मंगळवारी हात लावला नाही, बुधवारी खूण चुकलो," तो म्हणाला. "ज्या दिवशी उतरवली त्याच दिवशी कळलं. तीस वर्षं तोंड उघडलं नाही. हा माणूस तुमच्या शिव्या खात होता आणि मी शेजारी बसून कॉफी पीत होतो."

स्त्रातिसनं तो गोळा उचलून हातावर तोलला. मग म्हणाला, "मिस्त्री, मी झोपतोसुद्धा उजव्या कुशीवर."

आर्गिरिस रडला. मिर्सिनीनं त्याला रुमालही दिला नाही. मापं घेतली तेव्हापासून मला ठाऊक होतं, एवढंच ती म्हणाली. मग बोलली का नाहीस, असं त्यानं विचारलं.

"नवस माझा होता. कबुली तुझी."

तो सरकारी कागद दुसऱ्या दिवशी तिच्या चुलीत गेला. गुरुवारी आर्गिरिस आणि स्त्रातिस मिळून कलियोपीच्या तळाशी उजवीकडे लोखंडाचे गज आवळून बसवायला लागले. म्हातारा दाखवायचा, दुसरा आवळायचा, आणि दोघं दिवसभर भांडायचे. सोमवारी होडी पाण्यात उतरवली. त्या दिवशी स्त्रातिस मधोमध बसला. कसं बसावं ते कळेना त्याला, सारखा चुळबुळ करत होता.

आणि मी इथे. मला टांगताना पाद्रीबाबा म्हणाले, डावीकडची दोरी जरा आखडा, वाकडी दिसते. मिर्सिनीनं साफ नकार दिला. जशी आहे तशी देईन म्हणाले होते, आता संताला फसवू का? म्हणून मी कलूनच लटकते. आर्गिरिस दर रविवारी माझ्याखाली येऊन बसतो आणि वर बघायचं टाळतो.

पहाटे कलियोपीचं इंजिन सुरू होतं ते मला ऐकू येतं. माझ्याच जातीचं लाकूड समुद्रावर निघतं आणि मी धूप खात इथे. नवस म्हणून टांगलं, ठीक आहे, मानानं टांगलं. पण मला संतपण नको. मला लाट हवी. दर सहा डिसेंबरला मला खाली उतरवा आणि थोडा वेळ तरी पाण्यात सोडा. पण मला सरळ करायला डावी दोरी आखडाल तर याद राखा. आणि जाताना देवळाचं दार ओढून घेऊ नका. मेणबत्त्या विझतील म्हणता? विझू देत, त्या पुन्हा पेटवता येतात. आत वारा आला तरच मी हलते.