एकमत

हॉलच्या दारातच बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचला. दर बुधवारी पहिलं काम खुर्च्यांचं. गोलात मांडलेल्या खुर्च्या लोक येता येता मागे सरकवत आणि सभा सुरू व्हायच्या आत गोलाचे दोन ढीग होत, एक खिडकीच्या भिंतीला आणि एक दाराच्या. मग बाई एकेक खुर्ची उचलून मध्ये आणत आणि मुद्दाम कमरेवर हात ठेवून "आई गं" म्हणत, म्हणजे कुणाला तरी लाज वाटेल. अजून कुणाला वाटली नव्हती.

आज मात्र खुर्च्या जागच्या जागी होत्या. बाकी कुणी आलेलं नव्हतं. किराणावाले आणि टायरवाले मात्र अगदी शेजारी शेजारी बसले होते, गुडघ्याला गुडघा लागेल इतके, आणि खालच्या आवाजात बोलत होते.

बाईंना भरूनच आलं. किराणावाले म्हणजे इथल्या हिंदूंचं तोंड आणि टायरवाले म्हणजे मुसलमानांचं. दोघंही तरुणपणी पोटामागे या परक्या देशात आलेले, एकाच गल्लीत समोरासमोर दुकानं थाटलेले. बरीच वर्षं एकमेकांचे गिऱ्हाईक होते. मग एका सकाळी किराणा मालाचा ट्रक टायरच्या दुकानापुढे आडवा लागला, त्यावरून शब्दाला शब्द वाढला, संध्याकाळपर्यंत ट्रक राहिला बाजूला आणि दोन देव मध्ये आले. दुकानं फुटली. एका पोराचा डोळा कायमचा गेला. पोरगा कुठल्या बाजूचा, हे बाई कुणालाही सांगत नसत, स्वतःच्या मुलालाही नाही.

मुलाचं म्हणणं वेगळंच होतं. "आई, आपल्या गल्लीत भांडणं कमी आहेत का? लष्कराच्या भाकऱ्या भाजायला विमानाने कशाला जायचं?" बाईंनी फोन ठेवला होता. उभी हयात कौटुंबिक न्यायालयात नवरा-बायकोंना समजावण्यात गेलेली. निवृत्तीनंतर सकाळी उठून कुणालाच समजवायचं नाही, हे त्यांना जमेना. तेव्हा एका संस्थेने विचारलं आणि बाई बिनपगारी निघाल्या. राहायला एक खोली, जायला-यायला बसचा पास, आणि काम काय, तर एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांना एका हॉलमध्ये बसवायचं.

त्यांनी हॉलमध्ये एकच नियम घातला होता. इथलं कुठलंही काम जोडीने करायचं, एक हिंदू आणि एक मुसलमान. झाडू मारायला दोघं, खुर्च्या मांडायला दोघं, कप विसळायला दोघं. लोकांनी आधी खूप नाकं मुरडली. दोन बाप्ये एका झाडूला धरून उभे राहिलेले बघून पोरं हसली. पण नियम टिकला. सभेत मात्र गाडं पुढे सरकत नव्हतं. ट्रक कुठे उभा करायचा, लाऊडस्पीकर किती वाजेपर्यंत, आणि हॉल लग्नकार्याला कुणी कधी घ्यायचा, हे तीन विषय प्रत्येक बुधवारी निघत आणि तसेच घरी जात. एकदा बाईंनी लोकरीचा गुंडा फिरवून प्रत्येकाला समोरच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायला लावली, तर किराणावाले बराच विचार करून म्हणाले, "ते दुकान वेळेवर बंद करतात."

म्हणून आज बाईंनी आधी पिशवीतून फोन काढला आणि दोघांचा एक फोटो घेतला. दोघांनी घेऊ दिला.

"बसा, बाई," टायरवाले म्हणाले. "आज आमचं एकमत झालंय."

"काय सांगता! ट्रकचं?"

"ट्रकचं सोडा हो."

किराणावाल्यांनी स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"आमच्या वहिनी," ते म्हणाले. "आणि यांचा धाकटा भाऊ."

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, काढून कुठे ठेवावं ते त्यांना कळेना.

वहिनी म्हणजे किराणावाल्यांच्या थोरल्या भावाची बायको. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. त्या दिराच्या घरात मागच्या खोलीत राहत आणि बायकांचे कपडे शिवत. टायरवाल्यांचा धाकटा भाऊ बस चालवायचा. बायको सोडून गेली त्यालाही आता जमाना झाला होता. बुधवारचे कप या दोघांकडे होते. जोडी बाईंनीच लावली होती, दोघंही कमी बोलणारी म्हणून. गेल्या आठवड्यात, सभेच्या आदल्या दिवशी, वहिनी बाईंच्या खोलीवर आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि एका दमात म्हणाल्या, "आम्ही येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी नोंदणीचं लग्न करतोय. दोन साक्षीदार लागतात. एक माझी मैत्रीण आहे, डेपोमागे राहते ती नर्स. घरात कळलं, तर लग्न होईपर्यंत मी तिच्याकडेच राहीन. दुसऱ्या तुम्ही या." बाई म्हणाल्या होत्या, "बघू." मनातून त्यांना इतका आनंद झाला होता की रात्री झोप आली नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच की."

"मी?"

"गेल्या बुधवारी," किराणावाले म्हणाले. "नाही का तुम्ही म्हणालात, दोन माणसं रोज एकत्र काम करत राहिली की मनं जुळतात, याच हॉलमध्ये त्याचं उदाहरण आहे, लवकरच गोड बातमी कळेल म्हणून? नाव नाही घेतलंत. पण जोड्या तुम्हीच लावल्यात. सगळ्या बाप्यांच्या. बाई आणि बाप्या अशी एकच जोडी आहे."

बाईंना ते वाक्य आठवलं. लोक कंटाळलेले दिसत होते, सभा हातची चालली होती, आणि एवढं चांगलं उदाहरण तोंडाशी आलं होतं. ते गिळणं त्यांना जमलं नव्हतं.

"वहिनींना रविवारच्या विमानाने माहेरी पाठवतोय," किराणावाले म्हणाले. "तिकडे त्यांचा भाऊ आहे, तो बघेल. यांचा धाकटा दुसऱ्या शहरात जाईल, मामाकडे. तुम्ही फक्त वहिनींशी बोला. त्या तुमचं ऐकतात."

"अहो, त्या काय लहान आहेत? चाळिशी उलटलीय. आणि तो तर पन्नाशीला आला."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय. लहान असत्या तर आम्हीच समजावलं असतं."

"आणि नाही ऐकलं तर?"

टायरवाल्यांनी हाताचे तळवे उताणे केले. "तर माझी पोरं मला विचारणार नाहीत, बाई, आणि यांची पोरं यांना. तुम्ही तेव्हा इथे नव्हता. आम्ही बघितलंय. या वेळी एका डोळ्यावर नाही भागायचं."

ही धमकी असती तर बाई ताडकन उठल्या असत्या, धमक्या त्यांनी कोर्टात पुष्कळ ऐकल्या होत्या. पण माणूस खरंच घाबरलेला होता. उताणे केलेले हात त्याने तसेच धरून ठेवले होते. आणि किराणावाल्यांनी, बाईंच्या देखत, त्यातला एक हात आपल्या हातात धरला.

स्वयंपाकघरात वहिनी एकट्याच कप विसळत होत्या. बाई आत आल्या तरी त्यांनी नळ बंद केला नाही.

"आज एकट्याच?"

"त्यांना घरात बसवलंय भावाने. मला भाऊजी स्वतः घेऊन आलेत, गाडीतून. कधी नाही ते."

बाईंनी फडकं घेतलं आणि एक कप पुसायला लागल्या. पुसून झाला तरी पुसत राहिल्या.

"थोडे दिवस थांबता आलं तर?" त्या म्हणाल्या. "सध्या वातावरण बरं नाही."

"वातावरणाला काय झालंय? त्या दोघांना शेजारी बसलेलं मी आज पहिल्यांदा बघतेय."

"वहिनी, मी इथे कुणाची बाजू घेऊ शकत नाही. मी बाजू घेतली की हे सगळं कोसळेल."

"बाजू कुठे मागितली मी?" वहिनी म्हणाल्या. "सही मागितली होती."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईंना रागावलेल्या बायकांशी बोलायची सवय होती. वहिनींनी नुसता नळ बंद केला, ओले हात साडीला पुसले आणि बाईंच्या हातातला कप हळूच काढून घेऊन पालथा घातला. "जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "तुमची सभा आहे."

एव्हाना हॉल भरला होता. दोन्हीकडची माणसं गोलात मिसळून बसली होती, सगळ्यांना सगळं ठाऊक असल्यासारखी.

"बोललात?" किराणावाल्यांनी डोळ्यांनीच विचारलं.

बाईंनी मान हलवली. बोलल्या तर होत्याच.

"मग घेऊन टाकू बाकीचे विषय," टायरवाले म्हणाले.

आणि विषय घेतले गेले. ट्रक मागच्या गल्लीत लागेल, किराणावाले म्हणाले, आपलीच चूक होती. लाऊडस्पीकरची वेळ टायरवाल्यांनी स्वतःहून अलीकडे आणली. हॉलसाठी कुणी भांडलंच नाही, तुम्ही आधी, नाही तुम्ही आधी, असं दोन्हीकडून सुरू झालं. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ज्यासाठी बाईंनी महिनोन्‌महिने घसा कोरडा केला होता, ते चहाचं आधण यायच्या आत उरकलं. बाईंना वाटलं, आपल्याला रडू येईल. आनंदाने येईल असं त्यांनी किती वेळा मनात रंगवलं होतं.

चहा मात्र आलाच नाही. किराणावाले उठून आत गेले आणि लगेच परत आले.

"वहिनी नाहीत. मागचं दार उघडं आहे."

टायरवाल्यांनी घरी फोन लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडला. "तोही नाही. सिगारेट आणतो म्हणाला पोरांना. सिगारेट सोडून त्याला दहा वर्षं झाली."

"बाई, कुठे गेल्या असतील?"

सगळा हॉल बाईंकडे बघत होता. दोन्ही बाजूंपासून काहीही लपवायचं नाही, हे त्यांनी पहिल्याच सभेत या लोकांना कबूल केलं होतं.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

"कापड आणायला म्हणून त्या सारख्या डेपोकडे जायच्या," किराणावाले स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "तिकडे कापडाचं दुकानच नाही."

"डेपोमागे एक नर्स राहते," टायरवाले सावकाश म्हणाले. "धाकटा तिच्या आईला दवाखान्यात नेऊन सोडायचा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाजवळ अर्धी माहिती होती, दुसऱ्याजवळ उरलेली अर्धी. बोललं की असा फायदा होतो, हे बाई त्यांना पहिल्या दिवसापासून सांगत होत्या.

गाडी किराणावाल्यांची होती. टायरवाले पुढे, त्यांच्या शेजारी बसले. बाई त्यांच्या मागोमाग पायऱ्यांपर्यंत आल्या आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकल्यावर एकदम भानावर आल्या. नियम, संस्था, हॉल, सगळं गेलं खड्ड्यात. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, वहिनींचा नंबर शोधला आणि लावला. निघा तिथून, एवढंच सांगायचं होतं.

फोन गाडीत वाजला.

बाई वळल्या. किराणावाल्यांनी खिशातून फुलाफुलांच्या कव्हरचा एक फोन काढला, त्यावरचं नाव वाचलं, आणि काच खाली केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घरातल्या थकलेल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं, तसं ते समजुतीने बोलले.

"बाई, तुम्ही आता बसा निवांत. तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत. बाकीचं आम्ही दोघं बघतो."