रावणाचं सोंग

जैतूला पाड्यावर सगळे रावण म्हणत, आणि त्याला राग येणं सोडाच, उलट त्याची छाती फुगायची. मोखाड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या या पाड्यावर होळीनंतर बोहाडा निघतो. लाकडी मुखवटा बांधलेला एकेक माणूस देवीपासून निघून संबळाच्या तालावर गावभर नाचतो. याला सोंग म्हणायचं. कुठलं सोंग कुठल्या घराचं हे आज्यापणज्यांपासून ठरलेलं आणि रावण जैतूच्या घराचा. तो मुखवटा एवढा अवजड की एकदा बांधला की मान वळवायची, पायाखालचं बघायची सोय नाही, पुढे टेंभा घेऊन चालणाऱ्याच्या भरवशावर पाय टाकायचे. टेंभा शेजारच्या रघ्याच्या घराचा. म्हणजे रघ्याच्या घरानं उजेड धरायचा आणि जैतूच्या घरानं मिरवायचं. रघ्याला हे गोड वाटत असेल असं कुणी म्हणणार नाही. त्यात बांधावरच्या सागाच्या झाडावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं.

सोंगाला पाड्याचे कायदे कडक. एकदा मुखवटा चढवला की देवीपुढे परत येईपर्यंत उतरवायचा नाही, मग खांदा निखळला तरी बेहत्तर. आणि एखाद्या वर्षी घरचा माणूस उभा राहिला नाही, तर सोंग टेंभेवाल्या घराकडे जातं. गेलेलं परत येत नाही.

यंदा जैतूचा गुडघा गेला होता. चालता यायचं, नाचता यायचं नाही. पण त्याला घोर नव्हता, कारण उमेश येणार होता. त्याचा हा एकुलता लेक पुण्याजवळच्या औषधांच्या कारखान्यात कामाला होता. तिथं तो काय करतो हे सांगताना मात्र जैतूची तारांबळ उडायची. "गाळतो," एवढंच त्याला सांगता यायचं, आणि मोहाची गाळणारे पाड्यावर बरेच असल्यामुळे लोक एकमेकांकडे बघून डोळे मिचकावायचे.

दिवाळीला उमेशनं चुलीपाशी बसून सगळं नीट समजावलं होतं. काही पोरांच्या यकृतात एक गरजेची वस्तू जन्मापासून बनतच नाही, मग आईचं दूधसुद्धा त्यांना बाधतं. त्यांना एमआरएनए द्यायचा. म्हणजे ती वस्तू कशी बनवायची, याचा शरीराला निरोप द्यायचा. हा निरोप टाकीत तयार होतो, पण त्यात नको ते पुष्कळ राहतं. तुटके निरोप असतात, एकमेकांना चिकटून दुहेरी झालेले असतात. दुहेरी तुकडा अंगात गेला की शरीराला वाटतं विषाणूच घुसला, आणि पोर तापानं फणफणतं. म्हणून ते मिश्रण बारीक मणी भरलेल्या उंच नळकांड्यातून सोडायचं. धड निरोपाला शेपूट असते, मणी ती धरून ठेवतात. बाकीचं धुऊन टाकायचं आणि मग मण्यांची पकड सोडवून निरोप काढून घ्यायचा. दुहेरी तुकडे त्यातूनही निसटतात, त्यांच्यासाठी पुढं आणखी एक नळकांडं. बाटलीभर काम सोपं, उमेश म्हणाला, पण टाकीभर झालं की ते दाट होतं, मणी तुंबतात, दाब चढतो. शिवाय आपल्या बोटांच्या घामानंही निरोपाचा चुरा होतो, म्हणून नखशिखान्त झाकून आत जायचं.

"म्हणजे तुलाही मुखवटा हायच," त्याची आई चंद्रकला म्हणाली होती, आणि उमेश खूप हसला होता.

बोहाड्याच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. आवाज पार उतरलेला होता. एवढी मोठी टाकी त्यांनी पहिल्यांदाच लावली होती. सकाळीच आटपायचं काम, पण दाब चढला आणि वेग कमी करावा लागला. दुसरं नळकांडं अजून बाकी होतं. मध्येच थांबवलं तर निरोप तुटायला लागतील, सगळा माल वाया जाईल आणि चाचणीतली पोरं आणखी काही महिने औषधाविना राहतील. साहेब जा म्हणाले होते, बदलीचा माणूसही आला होता. पण तो दाब कसा सांभाळायचा हे सकाळपासून उमेशच्याच हाताला उमगलं होतं.

"बाबा, तुम्ही ये म्हणालात तर आत्ता निघतो," तो म्हणाला.

जैतूच्या तोंडापर्यंत 'ये' आलं होतं. भिंतीवर मुखवटा टांगलेला होता, दहाही तोंडं त्याच्याकडे बघत होती. बापानं, आज्यानं घामानं काळा केलेला त्याचा पट्टा खाली लोंबत होता. जैतूनं तो पट्टा मुठीत धरला.

"तू मुखवटा चढवलास ना रे? मग उतरवू नको."

फोन ठेवला आणि तो लहान पोरासारखा रडला. मग त्यानं कारखान्याला, गुडघ्याला आणि पुण्याच्या रस्त्याला यथेच्छ शिव्या घातल्या, भिंतीवरचा मुखवटा काढून डोक्यावर घेतला आणि लंगडत रघ्याच्या अंगणात गेला. पंचांनी येऊन मागावा त्यापेक्षा आपणच दिलेला बरा, एवढी अक्कल त्याला होती. उमेश का येत नाही ते त्यानं खाली मान घालून सांगितलं. रघ्यानं सगळं ऐकून घेतलं, मुखवटा हातात घेतला, आणि टेंभा कोण धरणार एवढंच विचारलं. जैतू म्हणाला, मी धरतो.

रात्रभर बाकीची सोंगं नाचली, उजाडता उजाडता रावणाची वेळ झाली. संबळ घुमू लागला. जैतू टेंभा धरून पुढे उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला रावणाच्या पुढची वाट दिसत होती, दगड, खड्डे, बायकांच्या कडेवरची पोरं, सगळं. ही वाट रघ्यानं आपल्याला इतकी वर्षं दाखवली आणि आपण कधी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, हे मनात येऊन त्याला स्वतःची लाज वाटली.

पुकारा करायला नवशा पुढं आला. प्रत्येक सोंगाचं घर तोच ओरडून सांगतो.

"रावणाचं सोंग! जैतूच्या घरचं!"

जैतूला वाटलं, सवयीनं चुकला. तो थांबून म्हणाला, "नवशा, घर बदललं आता."

मुखवट्याच्या आतून रघ्याचा आवाज आला, "मीच सांगितलं त्याला. पुढं चल. मला कायबी दिसत नाय."

जैतू चालला. डोळे असे भरून येत होते की दगड दिसेनात, तरी त्यानं टेंभा हलू दिला नाही. रघ्या मागे नाचत होता, आणि पाऊल न् पाऊल जैतूच्या घराचं होतं.

दुपारी नाशिककडून जव्हारला जाणाऱ्या एसटीतून उमेश उतरला. डोळे लाल, हातमोज्यांत राहून बोटं सुरकुतलेली. घरात रघ्या भाकरीला बसला होता, शेजारी नवशा. उमेशला सगळं कळलं तेव्हा त्यानं आधी रघ्याचे पाय धरले.

"झालं का गाळून?" रघ्यानं विचारलं.

"झालं, काका. तपासणीतही स्वच्छ निघालं."

"मग बस. काम अर्धं टाकून आला असतास तर सोंग मी पंचांकडून मागून घेतलं असतं. तसल्या माणसाला रावण कशाला द्यायचा?"

जैतूला वर्षानुवर्षांचं खूप काही बोलायचं होतं. त्यानं हात जोडले आणि उपकार झाले म्हणाला, सरळ, सगळ्यांसमोर. मग नवशाकडे वळला. "पुढल्या वर्षी मुखवटा उमेश बांधील. पण पुकारा दोन्ही घरांचा कर. आधी रघ्याचं नाव घे."

नवशानं रघ्याकडे बघितलं. रघ्यानं हातातला घास खाली ठेवला.

"नाव घे," तो म्हणाला, "पण टेंभा जैतूलाच दे. बरा धरतो."

चंद्रकलेनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.