टेस्ट कॉल

दौलतकाका गॅलरीच्या कठड्यावरून ओणवे होऊन खाली रस्त्याकडे बोट दाखवत होते.

"ते बघा, गटारासाठी खणलंय तिथं. केबल तुटली असणार. सबंध लालबागचा जीव एका वायरीत, दुसरं काय!"

सकाळपासून कुणाच्याच मोबाईलला नेटवर्क नव्हतं. अख्खी चाळ गॅलरीत आली होती, आणि गराडा कुणाला? तर दौलतकाकांना! टेलिफोन एक्स्चेंजात तक्रारी घेण्यात उभी हयात गेलेला माणूस. रिटायर झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नसे. आज शेजारच्या मेघनाने चहासुद्धा आणून दिला. काका खूश होते, खोटं कशाला बोला! शिवाय राकेशचा फोन येत नाही, याला आज निदान कारण तरी होतं.

राकेश त्यांचा एकुलता मुलगा, ठाण्याला असतो. रविवारी त्याच्या आईचं वर्षश्राद्ध. तो येणार की नाही, एवढंच काकांना हवं होतं. पण त्यांनी फोन लावला की नुसती रिंग वाजत राहायची.

दुपारकडे सगळ्यांचे फोन एकदम किणकिणायला लागले. "आलं, आलं!" करत लोक बोलत बोलत आपापल्या घरात गेले. काकांचा फोन गप्पच. रेंज मात्र पूर्ण होती.

"काका, तुमचं आलं?" मेघनाने विचारलं.

"कुठलं गं! आमचं डबडं मेलेलंच आहे." चक्क थाप.

"मग माझ्यावरून लावा ना राकेशला. सांगा नंबर."

आता आली का पंचाईत! काकांनी नंबर सांगितला. तिने लावून फोन त्यांच्या हातात दिला. दुसऱ्याच रिंगला उचलला गेला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

किती दिवसांनी तो आवाज! काकांना भरून आलं. नंबर अनोळखी, म्हणून पोराने उचललाय, हेही लगेच कळलं. आपलं नाव सांगितलं आणि त्याने ठेवून दिला तर? मेघनासमोर? त्यांनी घसा खाकरला. लाइन दुरुस्त झाली की गिऱ्हाइकाला विचारायचा तो जुना ऑफिसातला आवाज आपोआप बाहेर पडला.

"टेस्ट कॉल आहे, साहेब. स्पष्ट ऐकू येतंय?"

"हो, येतंय. झालं?"

"झालं. थँक्यू."

मेघना बघतच राहिली. "काका, अहो..."

"लाइन चांगली आहे गं," फोन तिच्या हातात ठेवत काका म्हणाले. "तक्रार बंद."

आणि तिचा कप विसळायला ते आत गेले.